मागुराला जमतं ते

सावेडी

सुट्टीत कुठे जाऊन आलात असं कुणी विचारलं की मी "भंडारदरा" एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायला लागलो की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. कारण त्यात तिसगावजवळचा एक आटलेला तलाव आहे, गुडघाभर चिखल आहे, आणि मासा युरिया कसा करतो हे बघायला मे महिन्याच्या उन्हात स्कूटरवरून तिथे पोचलेला एक मोटर रिवायंडिंगवाला आहे. तो मी. शहाण्या माणसानं करावं असं हे काम नाही, पण माझ्या मागे बसलेली मुलगी शहाणी होती, आणि बेत तिचा होता.

युरिया हा शब्द मी रोज ऐकतो. सावेडीतल्या माझ्या दुकानात जळालेल्या मोटरी येतात, मोटरींबरोबर शेतकरी येतात, आणि तार गुंडाळून होईपर्यंत युरियाच्या गप्पा चालतात: आला का, संपला का, एका पोत्याबरोबर दुकानदारानं आणखी काय गळ्यात मारलं. त्यामुळे माझ्या लेखी युरिया म्हणजे पोतं. तो आपल्या पोटातही तयार होतो हे मला कळलं ते जुईमुळे, आणि ज्या पद्धतीनं कळलं ती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

जुई माझी मुलगी. आठ वर्षांची असताना एका लग्नात दोन दिवस मजेत जेवली आणि ताप आला. ताप उतरला, पण पोर विचित्र वागायला लागली. चप्पल फ्रीजमध्ये ठेवली, आईला "काकू" म्हणाली, मग झोपली ती उठेना. कुणी दृष्ट काढली, कुणी मेंदूज्वर म्हणालं. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त बर्फात ठेवून तपासायला पाठवलं आणि त्यात अमोनिया निघाला, नको तितका.

बाईंनी मला समजावलं ते असं. आपण डाळ, दूध, अंडी, मटण खातो. त्यातलं प्रथिन वापरून झालं की मागे अमोनिया उरतो, आणि तो डोक्यात चढणारं विष आहे. आपलं यकृत त्याचा युरिया करून टाकतं. युरिया बिचारा निरुपद्रवी, तो लघवीवाटे निघून जातो. हे काम पाच एन्झाइम एकापाठोपाठ करतात, आणि जुईचं त्यातलं दुसरं अशक्त आहे. त्याचं नाव ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज. हे नाव मला नीट म्हणता येईपर्यंत जुई चौथीत गेली होती. मी आपलं माझ्या भाषेत समजून घेतलं: कपॅसिटर कमजोर झालेली मोटर फिरते, पण लोड वाढला की नुसती गुणगुणत बसते. तेव्हा लोड वाढू द्यायचा नाही. डाळ मोजून, दूध नावाला, मटण-मासे बंद, उपाशी तर मुळीच राहायचं नाही, आणि औषध चुकवायचं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली. जुई जरा गप्प बसली, जरा पेंगली, की मी तेराचा पाढा विचारतो. "तेर सक?" तिनं "अठ्ठ्याहत्तर" म्हटलं की माझा जीव भांड्यात पडतो. अमोनिया चढायला लागला की आधी हिशेब जातो, म्हणून हा उद्योग. तिला तो अजिबात आवडत नाही.

यंदा तिची दहावी झाली आणि तिनं पुण्याला होस्टेलवर राहून शिकायचं म्हटलं. मी नाही म्हणालो. माझी बायको वैशाली नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. ती म्हणाली, "तू तिला घेऊन चार दिवस बाहेर जा. मी नसताना ती काय खाते, कशी राहते, बघ. मग ठरवू." म्हणजे ही सहल नव्हती, परीक्षा होती, आणि हे जुईला पक्कं माहीत होतं. ठिकाणं मात्र तिनं निवडली. कुठेसं तिच्या वाचनात आलं होतं की बहुतेक माशांना युरियाचं अख्खं चक्र चालवता येत नाही, पण आपल्याकडच्या, चिखलात तगणाऱ्या मागूर माशाला ते येतं. तिला तो बघायचा होता. "आधी भरपूर पाणी बघू, मग चिखल," ती म्हणाली. मी निघण्याआधी तिला फक्त एक बजावलं, जे नेहमी बजावतो: कुणी विचारलं तर पथ्य आहे म्हणायचं, आजार म्हणायचं नाही. मुलीच्या जातीला आजाराचं नाव चिकटलं की पुढे लोक काय काय बोलतात, हे मी दुकानात बसून रोज ऐकतो.

भंडारदरा

एसटीत ती मला शिकवत होती. मासा प्रथिन खातो, त्याच्यातही अमोनिया उरतो, पण तो त्याचं काही करत बसत नाही. कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडून देतो. पाणी चिक्कार असतं, विष पातळ होऊन जातं, मग युरिया करायची मेहनत कशाला? त्यात शक्ती खर्च होते. शार्क मात्र युरिया करतो आणि मुद्दाम अंगात साठवतो, म्हणजे समुद्राचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत नाही. मला एकदम आमच्या बाजारात बर्फातून येणारी मुशी, म्हणजे छोटा शार्कच, आठवली. ती शिळी व्हायला लागली की नाकाला झोंबतो तो हाच युरिया, कुजून परत अमोनिया झालेला. इतकी वर्षं मी त्या वासाला नुसतं नाक मुरडत होतो.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मला फार आवडली. कितीतरी मासे अंड्यात असताना ही एन्झाइम चालू ठेवतात. अंड्यात पाणी वाहत नाही, घाण बाहेर जात नाही, म्हणून तिथे त्यांची गरज पडते. अंड्यातून बाहेर येऊन पाण्यात पोहायला लागले की बहुतेक मासे ती जवळजवळ बंद करून टाकतात.

धरणाच्या कडेला हौसाबाईंची टपरी होती. मासे तळून, तांदळाच्या भाकरीबरोबर. आमच्या देशावर भाकरी म्हणजे बाजरीची नाहीतर ज्वारीची, जाड, थापलेली. इथे ती पांढरी, रुमालासारखी मऊ. तांदळात प्रथिन कमी, त्यामुळे जुई दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि करवंदं यांवर मनसोक्त जेवली. मासे मी खाल्ले, तिच्यासमोर, आणि नेहमीसारखं मला अपराधी वाटलं. तिला काही वाटलं नाही. ती हौसाबाईंच्या बादलीजवळ बसली होती. बादलीत सकाळचे जिवंत मासे होते.

सॅकमधून तिनं एक छोटी पेटी काढली. सावेडीत शोभेच्या माशांचं दुकान आहे, तिथून घेतलेली. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवून जरा वेळ ठेवायचं. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. धरणाचं पाणी पिवळं राहिलं. बादलीतलं हिरवंगार झालं. हौसाबाई भजी तळायची सोडून बघायला आल्या. जुईनं सांगितलं, ह्यांनी कल्ल्यांतून घाण सोडलीय, ती ही.

हौसाबाईंनी बादलीकडं बघितलं, मग धरणाकडं बघितलं. "बादलीत हाय म्हनून घावलं," त्या म्हणाल्या. "एवढ्या पान्यात कोन कुनाला इचारतंय?"

जुईला हे इतकं पटलं की तिनं ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग हौसाबाईंनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, पोरगी मासे का खात नाही. मी म्हणालो, पथ्य आहे. त्यांनी मान हलवली आणि बादलीतलं पाणी बदललं. संध्याकाळी वैशालीचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न गेली आठ वर्षं एकच असतो, "काय खाल्लं तिनं?" मी जुईचं अख्खं ताट फोनवर वाचून दाखवलं. जुई बाजूला उभी राहून काजव्यांची वाट बघत होती.

तिसगाव

एक दिवस घरी कपडे धुऊन, आम्ही स्कूटरवरून पूर्वेला निघालो. पाटीवर आता अहिल्यानगर असलं तरी तोंडात नगरच आहे, आणि नगरचे दोन तुकडे आहेत: पश्चिमेकडे डोंगर नि पाणी, पूर्वेकडे ऊन. करंजी घाटात थांबून आम्ही रुमाल भिजवून डोक्याला बांधले. खाली उतरेपर्यंत ते वाळलेही.

रफिकभाई माझे जुने गिऱ्हाईक. तिसगावच्या बाहेर त्यांची डाळिंबाची बाग आहे, आणि बोअरची मोटर दर उन्हाळ्यात माझ्याकडे येते. आदल्या दिवशी मी फोन करून सांगितलं होतं की मुलीला मटण, अंडी, दूध, डाळ काही चालत नाही, साधं काहीतरी करा. का चालत नाही हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, दारातच जुईचा हात धरला आणि विचारलं, आज कडक आहे का? मला वाटलं, उन्हाबद्दल विचारतायत. मी म्हणालो, हो, फार कडक आहे. ह्या उत्तरानं पुढे काय केलं ते यथावकाश येईल.

तलाव म्हणजे आता तलाव नव्हता. मधे डबकं, भोवती चिखल, त्याभोवती भेगा पडलेली जमीन. तलाव असा आटला की गावातली माणसं चिखलात उतरून हातानं मासे धरतात. डबक्यात रोहू नि कटला पोट वर करून तरंगत होते, बगळ्यांची चंगळ चालली होती. आणि जिथं पाणी नावालाही नव्हतं, नुसता काळा रबरबीत गाळ होता, तिथं रफिकभाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि एक मिशाळ, काळपट, वळवळता मासा बाहेर काढला.

"ह्यो बघ तुझा मागूर, बेटा. गावरान हाय, ते बंदी घातलेलं परदेशी न्हवं."

गावरान आणि परदेशी यातला फरक मला सात जन्मात कळला नसता. मी फक्त कौतुकानं हात पुढं केला, आणि त्याच्या पराच्या काट्यानं माझ्या अंगठ्याची भेट घेतली. करंट बसलेला माणूस आहे मी, पण हे वेगळंच. कोपरापर्यंत आग गेली. रफिकभाई म्हणाले, घरी गेल्यावर गरम पाण्यात हात बुडवा, उतरेल. तोवर मी अंगठा बगलेत धरून नाचत होतो आणि माझी मुलगी मागुराकडे बघत होती.

हा मासा हवेतून श्वास घेतो, त्यासाठी त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला वेगळी सोय असते, हे ती मला सांगत होती. पण तिचा खरा जीव अडकला होता यकृतात. श्वास हवेतून घेता येईल, पण चिखलात अमोनिया कुठं सोडणार? वाहून न्यायला पाणीच नाही. तेव्हा मागूर आपली एन्झाइम वाढवतो. आपल्यात पहिलं एन्झाइम अमोनियाला थेट धरतं. माशांत बहुतेक ठिकाणी अमोनिया आधी ग्लुटामिन नावाच्या पदार्थात बांधला जातो आणि पहिलं एन्झाइम तो त्याच्याकडून घेतं. पुढची वाट त्यांची नि आपली जवळजवळ एक. शेवटी आर्जिनेज नावाचं एन्झाइम युरियाचा तुकडा तोडून मोकळा करतं. हे शेवटचं तर साध्या माशांतही असतं, म्हणून थोडाफार युरिया तेही करतात. पण सगळे टप्पे ओळीनं चालवून चिखलात तगून राहणारे थोडे.

"मग पोतं कशाला आनू मी?" रफिकभाई म्हणाले. "मागूरच सोडतो की बागेत."

आम्ही हसलो. मग जुई बांधावर जाऊन बसली आणि गप्प झाली. गुडघ्यावर हनुवटी, नजर चिखलात. ऊन रणरणत होतं, नाश्ता होऊन बराच वेळ झाला होता. मी अंगठा विसरून तिच्याजवळ गेलो.

"तेर सक?"

"अठ्ठ्याहत्तर. बाबा, मी मासा बघतेय."

रफिकभाईंनी हे ऐकलं. त्यांनी विचारलं नाही, पण माझ्याकडे असं बघितलं की उत्तर द्यावं लागलं असतं. मी "पथ्य" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जुईनं सांगून टाकलं. जे मागुराला जमतं ते तिच्या यकृताला पुरतं जमत नाही, अमोनिया वाढला तर डोक्यात जातो, म्हणून बाबा पाढे विचारतात. इतकं साधं. मला तिचा राग आला, खरं सांगतो.

रफिकभाईंनी हाताचा चिखल पुसला. मग त्यांनी गाईची गोष्ट काढली. त्यांची एक दुभती गाय ठिबकच्या टाकीतलं, खतासाठी कालवलेलं युरियाचं पाणी प्याली होती. पोट फुगलं, थरथर कापायला लागली, डोळे फिरवले. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत गेली. "तवापासनं म्या युरियाला इखच समजतो," ते म्हणाले.

जुई म्हणाली, युरिया विष नाही, चाचा. गाईच्या पोटातल्या जंतूंनी त्याचा परत अमोनिया केला, विष ते. एका बाजूनं युरिया, दुसऱ्या बाजूनं अमोनिया, कोण कुठल्या दिशेनं ढकलतं एवढाच प्रश्न. रफिकभाईंनी डोक्यावरचा गमछा काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, चला, सावलीत चला.

मागूर आम्ही बादलीतून विहिरीवर नेला. स्वच्छ पाणी भरून त्यात सोडला, आणि जुईनं पेटी काढली. मी मोठ्या अपेक्षेनं बघत होतो. एवढा युरियावाला मासा, ह्याचं पाणी पिवळं राहणार. जरा वेळानं थेंब टाकले. पाणी हिरवं झालं, हौसाबाईंच्या बादलीइतकंच.

म्हणजे आपण फसलो, मी म्हणालो. एवढं ऊन खाल्लं, अंगठा टोचून घेतला, आणि हाही तसलाच निघाला. पण जुई हसत होती. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त डोळ्यांनी बघायचं होतं.

"पाणी असेपर्यंत तोही पाण्यावरच सोडून देतो, बाबा. उगाच कशाला मेहनत करेल? पाणी गेलं की करतो. आणि करता येतं हे पाणी असताना बघून कुणाला कळणार नाही."

मी तिच्या हातातल्या हिरव्या नळीकडे बघत राहिलो. त्या वेळी मला एवढंच वाटलं की मुलगी हुशार आहे.

शमीमभाभींचं ताट

घरी आलो तर भाभींनी आधी माझ्या अंगठ्यासाठी गरम पाणी दिलं. आग खरोखर उतरली, नुसती ठणक उरली. मग आम्ही जेवायला बसलो आणि ताटं समोर आली: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याच्या कुटानं दाटलेली. भगर. तिच्यावर घालायला शेंगदाण्याची आमटी, लालबुंद, वर तेलाचा तवंग. बटाट्याच्या भाजीत कूट. वाटीत काकडी, तिलाही कूट.

"भाई म्हनले कडक हाय," भाभी म्हणाल्या. "म्हनलं, चुकायला नको. कमलबाईला इचारून इचारून केलंय समदं. भांडी पन तिचीच आनलीत, आमच्यातली न्हाई वापरली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दूध नाही, डाळ नाही, मटण नाही, अंडी नाहीत, आणि कारण सांगत नाहीत. एखाद्या हिंदू घरच्या मुलीबद्दल जेवू घालणारी बाई दुसरा काय विचार करेल? उपास. आणि कडक. भाभींनी कधी उपासाचं केलेलं नव्हतं. शेजारच्या कमलबाईंकडे जाऊन शिकून, त्यांची भांडी मागून आणून, सकाळपासून त्या चुलीपुढे होत्या. आणि नेमकं जुईला सगळ्यात जड असं सगळं त्या ताटात होतं, कारण शेंगदाणा डाळीलाही हार जात नाही.

भाभी पदरानं घाम पुसत उभ्या होत्या. पहिला घास कोण घेतं ते बघत होत्या. पाहुण्यानं ताट नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आणि इथे तर नाकारायला कारण द्यावं लागणार होतं. मी, आठ वर्षं त्या मुलीच्या ताटावर पहारा देणारा मी, खाली बघून हळूच म्हणालो, "घे दोन घास, जुई. एवढं केलंय त्यांनी. थोड्यानं काही होत नाही."

जुईनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून.

"बाबा, तेर साते?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"तेर साते किती?"

मी तोंड उघडलं. समोर आमटी, अंगठा ठणकतोय, भाभी उभ्या. "चौऱ्याण्णव," मी म्हणालो.

"एक्याण्णव," ती म्हणाली, आणि ताट अलगद बाजूला सरकवून उभी राहिली. भाभींचा हात धरून म्हणाली, "चाची, माझा उपास नाहीये. मला आजार आहे."

हा शब्द परक्या घरात मी पहिल्यांदा ऐकला, तोही तिच्या तोंडून. मग तिनं सगळं सांगितलं. मागूर, गाय, यकृत. शेंगदाण्यानं लगेच काही होईल असं नाही, पण ऊन झालंय, दमणूक झालीय, आज तो धोका ती घेणार नाही. खिचडी इतकी छान दिसतेय की तिला रडू येतंय, हेही सांगितलं. आणि एवढं सांगून झाल्यावर तिला खरंच रडू आलं.

भाभींनी एक एक करून आमटी, काकडी, भाजी उचलली. चेहरा उतरला होता. मला वाटलं, झालं, दुखावल्या. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी फोनवर हे सांगितलं आस्तं तर?" त्या म्हणाल्या. "हे चालत न्हाई, ते चालत न्हाई. मला काय सपान पडनार हुतं? उद्या पोरीला काय झालं आस्तं माझ्या हातनं, तर म्या कुठं तोंड दाखवलं आस्तं?"

माझी मान खाली गेली. लोकांच्या तोंडाला घाबरून मी जे झाकत होतो, त्यानंच आज माझ्या मुलीच्या ताटात शेंगदाणे आले होते, आणि वर दोन घास घे म्हणणाराही मीच होतो.

भाभींनी जुईलाच विचारलं, काय चालेल सांग. जुईनं थोडी भगर घेतली, नुसती, वर तूप. भाभींनी डब्यातून याच महिन्यात गच्चीवर वाळवलेल्या साबुदाण्याच्या पापड्या काढून तळल्या, परात भरून. आंबे कापले. जुई पापड्यांवर तुटून पडली, आणि भाभी समोर बसून तिला बघत राहिल्या. मी आणि रफिकभाईंनी उपासाचं सगळं जेवण गुमान संपवलं. आमटी अप्रतिम झाली होती.

पुण्याचा विषय निघाला तेव्हा भाभींनी हात थांबवला. "आन थितं तुझ्या ताटाकडं कोन बघनार गं?"

"मीच," जुई म्हणाली. "आत्ता बघितलं तसं."

भाभींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आणखी पापड्या आणायला उठल्या.

परत

निघण्याआधी रफिकभाईंनी मागूर विहिरीत सोडला. पाऊस पडून तलाव भरला की परत तिकडे नेऊ म्हणाले. तो एकदा वर आला, हवेचा घोट घेतला आणि खाली गेला.

परतताना माझ्या डोक्यात मागुराच्या पाण्याची ती हिरवी नळी होती. आठ वर्षं मी जुईभोवती पाण्यासारखा उभा आहे. ताट मी बघतो, हिशेब मी ठेवतो, फोनवर उत्तर मी देतो. आणि मग म्हणतो, हिला एकटीला जमेल का, हे आपल्याला कधी दिसलंच नाही.

करंजी घाटात ऊन उतरलं होतं. पाणी प्यायला थांबलो आणि फोन वाजला. वैशाली होती. सवयीनं मी ताट आठवायला लागलो: भगर, तूप, पापड्या, आंबा.

"काय खाल्लं तिनं?"

"तिलाच विचार," मी म्हणालो. फोन जुईच्या हातात दिला, आणि जरा लांब जाऊन उभा राहिलो.